मोहफुलाचा काय गुन्हा?

यंदाचा रमजान मोह गळण्याच्या दिवसांत आला आहे. सहेरी आटोपून लोक फजरच्या नमाजाला निघतात, त्याच वेळी धानोरा, कुरखेडा, सिंदेवाहीकडच्या खेड्यांत बायका टोपल्या घेऊन मोहाखाली पोचलेल्या असतात. फुले पहाटे गळतात, ऊन चढण्याआधी वेचावी लागतात. वाघाची धास्ती असतेच.

शहरात मोह म्हटले की दारूच आठवते. मुस्लिम मोहल्ल्यात तर नुसत्या नावाने कपाळाला आठी पडते. पण इस्लामच्या आरंभीच्या काळात मदिनेत दारू होत असे, ती मुख्यतः खजुराचीच. हराम ठरली ती दारू, खजूर नव्हे. उलट रोजा सोडताना पहिला मान त्यालाच. हदीसमध्ये नबीझ येते, म्हणजे खजूर किंवा मनुके भिजवलेले पाणी. गोड आहे तोवर प्यायचे, आंबले की टाकायचे. मोहफुलाला हाच न्याय का नसावा?

वाळलेल्या फुलात निम्म्याहून अधिक साखर असते, ताज्या फुलात क जीवनसत्त्वही. दिवसभराच्या उपासानंतर तरतरी यायला दोन-चार फुले पुरेत; मधुमेहींनी मात्र जपून. इकडे आतले केसर काढून फुले उकडतात, भाकरीच्या पिठात मिसळतात, भाजून तिळाबरोबर कुटून लाडू वळतात. दुष्काळात तर जंगलातल्या माणसाचे हेच धान्य होते. तरीही इंग्रजांनी १८९२ मध्ये मुंबई इलाख्यात मोहफुलांवर बंधने घालणारा खास कायदा केला. सरकारला काळजी होती ती दारूवरच्या महसुलाची!

गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी आहे. लोकांनी लढून मिळवलेली ती बंदी टिकलीच पाहिजे. पण ती दारूला असावी, फुलाला नको. २०२१ मध्ये राज्य सरकारने मोहफुले गोळा करणे, साठवणे आणि नेणे यांवरचे निर्बंध उठवले, हे बरे झाले. आता खाणारे गिऱ्हाईक हवे. ते नसेल, तर वेचणारीला भट्टीवाल्याशिवाय विचारतो कोण?

चंद्रपुरात रमजानभर परदेशी खजुरांचे ढीग लागतात. त्यांच्या शेजारी बचत गटांच्या मोहफुलांच्या लाडवांची एक परात मांडायला काय हरकत आहे? इफ्तारच्या दस्तरखानावर हिंदू, गोंड, बौद्ध शेजारीही असतात. त्यांच्यापैकी अनेकांना ही चव आजीच्या हातची आठवेल. मात्र घाई करायला हवी. ईद उलटेपर्यंत बहर ओसरेल आणि वाळलेली फुले पोत्यांत भरून व्यापाऱ्याकडे गेलेली असतील.