देवळालीचा ताप आणि नळाची बिअर

‘पुण्या-मुंबईला चाललोय, चांगली क्राफ्ट बिअर कुठे मिळेल गं?’ हा प्रश्न मला जबलपूरची भावंडं आणि मित्रमंडळी हमखास विचारतात. तेही हळू आवाजात, आई स्वयंपाकघरातच आहे ना याची खात्री करून. आजी-आजोबाही वाचतात त्या मासिकात हा विषय घ्यावा का, यावर मी दोन दिवस विचार केला. मग घेतला. जाणारे जाणारच आहेत, तर निदान डोळे उघडे ठेवून जावेत.

आधी एक गंमत. मुंबईला जाणारी आपली गाडी नाशिक रोड सुटली की देवळालीवरून जाते. तिथल्या छावणीत मायदेशी जाणाऱ्या जहाजाची वाट बघत इंग्रज शिपाई महिनोन्‌महिने अडकून पडायचे आणि काहींचं डोकं फिरायचं. त्या अवस्थेला त्यांच्या बोलीत ‘डूलाली टॅप’ म्हणू लागले. डूलाली म्हणजे देवळाली आणि टॅप म्हणजे आपला साधा ‘ताप’! पुण्यात 2009 साली सुरू झालेल्या मायक्रोब्रुअरीचं नाव ‘डूलाली’. पुढे त्यांनी मुंबईत अंधेरी, वांद्रे अशा ठिकाणी टॅपरूम काढल्या. इथे टॅप म्हणजे अर्थातच नळ. पुण्यात नंतर इंडिपेंडन्स, एफिंगट, ग्रेट स्टेट अशी नावं आली, तर मुंबईत गेटवे आणि व्हाइट आउल. कुलाब्याचं वुडसाइड इन अनेक ब्रुअरींची बिअर एकाच ठिकाणी मिळते म्हणून ओळखलं जातं.

पण नावांची यादी पाठ करून उपयोग नाही. असे बार उघडतात, बंद होतात, हात बदलतात. ओळखायचं कसं, ते महत्त्वाचं.

मोबाइलच्या नकाशावर नुसतं ‘बिअर बार’ शोधलंत तर गल्लीतला परमिट रूमही येईल. ‘मायक्रोब्रुअरी’ किंवा ‘टॅपरूम’ असं शोधा आणि लोकांनी टाकलेले गेल्या महिनाभरातले फोटो बघा. खाण्याचे आणि रोषणाईचे नकोत, नळांच्या वरच्या फळ्याचे बघा. फळ्यावर बिअरचा प्रकार आणि अल्कोहोलची टक्केवारी लिहिलेली असेल, नावं दर आठ-पंधरा दिवसांनी बदलत असतील, तर ती जागा जिवंत आहे. वीस नळ असून गिऱ्हाईक नसेल, त्यापेक्षा सहा नळ आणि भरलेली टेबलं मला कधीही जास्त भरवशाची वाटतात. कारण ही बिअर बहुतेक वेळा न गाळलेली, पाश्चराइज न केलेली असते. ती दुधासारखी नासत नाही, पण पडून राहिली की चव उतरते. हॉप्सचा वास तर सगळ्यात आधी उडतो, म्हणून आयपीए ताजीच हवी. काळी स्टाउट थोडी दमदार असते.

बसल्यावर सरळ विचारा, ‘नवीन केग कोणता लावलाय?’ चांगल्या ठिकाणी वेटरला उत्तर माहीत असतं, किंवा तो आत जाऊन विचारून येतो. मग चाखायला घोटभर मागा. लाजू नका, मिठाईच्या दुकानात आपण बर्फीचा तुकडा मागतोच की! गव्हाच्या बिअरला पिकलेलं केळं आणि लवंगेचा हलका वास येतो. तो यीस्टमुळे येतो, त्यात कुणी केळं कुस्करत नाही. पण आंबट नसलेल्या प्रकाराला व्हिनेगरसारखा आंबटपणा किंवा लोण्यासारखा तेलकट वास आला, तर बहुधा नळाच्या नळ्या नीट धुतलेल्या नाहीत. ओल्या पुठ्ठ्यासारखी चव आली तर माल जुना. ग्लास परत करा आणि दुसरं मागवा.

टक्केवारी वाचण्याचा आग्रह मी उगाच धरत नाही. आपल्याकडे दुकानात खपते ती बहुतेक ‘स्ट्राँग’ बिअर, त्यामुळे झिंग येणं म्हणजेच बिअर असा समज झालाय. क्राफ्टमध्ये एकाच फळ्यावर पाच टक्क्यांची आणि आठ टक्क्यांची बिअर शेजारी असते. दिसायला ग्लास सारखाच, पण आठवाली दीडपटीहून जड.

महाराष्ट्रात बिअरसाठी वय 21 पूर्ण हवं आणि कायद्याने पिण्याचा परवानाही लागतो. तो एका दिवसाचाही मिळतो. रक्तात 100 मिलिलिटरला 30 मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल असताना गाडी चालवली, तर पहिल्याच वेळी दहा हजारांचा दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्हीही होऊ शकतं. म्हणून चुलतभावाची बाइक त्याच्या घरीच राहू द्या. बिल फुटण्याआधी रिक्षाचे पैसे वेगळ्या खिशात ठेवा, आणि मैत्रिणींनो, परतीची वेळ घरी एकाला तरी खरी सांगून जा.

आपल्या मध्य प्रदेशात 2022 च्या धोरणात इंदूर-भोपाळसाठी मायक्रोब्रुअरीचं दार किलकिलं झालं. जबलपूरच्या वाट्याला अजून गाडीचं तिकीटच! आणि हो, ज्यांना बिअर नकोच, त्यांनी त्याच टेबलावर ताजं लिंबू सोडा मागवावा. बोर्ड गेम ठेवलेले असतात, ते खेळायला न पिणारा गडी लागतोच. हिशोब त्यालाच नीट ठेवता येतो.