पदपथाचा कर आणि खुब्याचे हाड

मालमत्ता कराचे बिल हाती आले की बहुतेक घरांत शेवटचा आकडा तेवढा पाहिला जातो. मुंबईच्या बिलात त्या आकड्याच्या वर बऱ्याच ओळी असतात. सर्वसाधारण कर, जल कर, मलनिःसारण कर, शिक्षण उपकर यांच्यासोबत ‘वृक्ष उपकर’ आणि ‘पथ कर’ अशाही दोन ओळी असतात. झाडांसाठी आणि रस्त्यांसाठी नागरिक वेगळा पैसा मोजतात, हे अनेकांच्या गावीही नसते. या दोन ओळींचा सरकारी रुग्णालयाच्या अस्थिरोग विभागाशी मात्र थेट संबंध आहे.

या विभागात रोज येणाऱ्या रुग्णांत एक ठरलेला प्रकार असतो. साठीच्या पुढची बाई भाजी घेऊन परतताना उचकटलेल्या पेव्हर ब्लॉकला ठेचकाळते, हात टेकते आणि मनगट मोडते. वय सत्तरीच्या पुढे असेल तर माणूस कुशीवर पडतो आणि खुब्याचे हाड जाते. मनगट प्लास्टरने सहसा सहा आठवड्यांत सांधते. खुब्याचे तसे नाही. खुब्याच्या फ्रॅक्चरनंतर वर्षभरात साधारण चार-पाच वृद्धांमागे एकजण दगावतो, असे जगभरातल्या अनेक अभ्यासांतून दिसले आहे. जे वाचतात त्यांतले पुष्कळजण पूर्वीसारखे एकट्याने बाहेर पडू शकत नाहीत. सून किंवा मुलगी नोकरी सोडते, घराचे गणित बिघडते. पदपथावरचा दोन बोटांचा उंचवटा एवढे महाग पडतो.

हे नुकसान कोणत्याही हिशेबात नाही. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत ३२,८२५ पादचारी मरण पावले. यात धरले जातात ते वाहनाशी संबंधित अपघात. वाहनाचा स्पर्शही न होता फुटक्या पदपथावर पडून जो जायबंदी झाला, तो या आकड्यात नाही. पोलिसांकडे त्याची नोंद नसते, महापालिकेकडेही नसते. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे जगात दरवर्षी सुमारे ६ लाख ८४ हजार माणसे पडल्यामुळे मरतात. अपघाती मृत्यूंच्या कारणांत वाहन अपघातांच्या खालोखाल पडण्याचा क्रमांक लागतो.

पडणाऱ्याइतकाच, पडण्याच्या भीतीने घरात बसणाऱ्याचा प्रश्नही गंभीर आहे. मधुमेह, रक्तदाब, गुडघेदुखी यांपैकी काहीही असले तरी डॉक्टर सांगतात, रोज अर्धा तास चाला. आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम व्यायाम हवा, ही शिफारस आता सर्वमान्य आहे. पण चालायचे कुठे? पदपथ तुटलेला, त्यावर दुचाकी लावलेली, मध्येच गटाराचे झाकण वर आलेले, डोक्यावर सावली नाही. म्हातारा माणूस दोनदा अडखळला की चालणे सोडतो. चालणे सुटले की मांड्यांचे स्नायू रोडावतात, तोल ढळतो आणि पुढचे पडणे घरातच, न्हाणीघरात होते. तो आजार घरातला वाटतो, पण त्याची सुरुवात रस्त्यावर झालेली असते.

झाडांचेही तसेच. अमेरिकेतील फिलाडेल्फियात ५४१ ओसाड मोकळ्या जागांवर एक शास्त्रशुद्ध प्रयोग झाला आणि २०१८ मध्ये त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. काही जागा साफ करून तिथे हिरवळ व थोडी झाडे लावली, काही तशाच ठेवल्या. हिरव्या केलेल्या जागांजवळ राहणाऱ्यांमध्ये ‘उदास वाटते’ असे सांगण्याचे प्रमाण तुलनेने ४१.५ टक्क्यांनी घटले. एका जागेचा खर्च सुमारे १,६०० डॉलर, आणि पुढे देखभालीचा वर्षाला सुमारे १८० डॉलर. रक्कम किरकोळ असली तरी ती दरवर्षी लागते. अडचण नेमकी इथेच आहे. झाड लावायला आणि पदपथाचे उद्घाटन करायला पैसा मिळतो. पाणी घालायला आणि सैल झालेला ब्लॉक पुन्हा बसवायला मिळत नाही.

हा नियमित पैसा स्थानिक मिळकतींवरच आकारावा, हा विचार नवा नाही. कॅलिफोर्नियात १९७२ च्या कायद्याने वस्तीपुरता विभाग ठरवून तिथल्या प्रत्येक मिळकतीवर झाडे, दिवे, रस्त्याकडेची हिरवळ यांच्या देखभालीसाठी वार्षिक आकारणी करता येते. ती मालमत्ता कराच्या बिलातूनच वसूल होते. १९९६ मध्ये मतदारांनी तिच्यावर कडक अटी घातल्या. त्या मिळकतीला होणारा खास फायदा आणि सगळ्या शहराला होणारा सर्वसाधारण फायदा अभियंत्याने वेगळा करून दाखवायचा आणि आकारणी फक्त खास फायद्याचीच करायची. शिवाय मालकांचे टपालाने मत घ्यायचे, आणि ज्याची आकारणी मोठी त्याच्या मताचे वजन मोठे.

यातला हिशेबाचा काटेकोरपणा घेण्यासारखा आहे. आपला पैसा कुठे गेला हे तिथल्या मालकाला विचारता येते. पण आरोग्याच्या बाजूने पाहिले तर या रचनेत दोन उणिवा आहेत. पहिली, महागाई वाढली तरी मालकांनी वाढीव आकारणी नाकारली की देखभाल थांबते. दुसरी उणीव जास्त मोठी आहे. पदपथाचा फायदा घरमालकाच्या फाटकापाशी संपत नाही. त्यावरून सर्वांत जास्त चालतात ते भाडेकरू, घरकामाला जाणाऱ्या बायका, शाळेची मुले, बसथांब्याकडे निघालेले म्हातारे. मत मात्र मालकाचे मोजले जाते. शिवाय श्रीमंत वस्ती स्वतःपुरता गुळगुळीत पदपथ करून घेते आणि शेजारची गरीब वस्ती खड्ड्यातच राहते.

डेन्व्हर शहराने या उणिवेवर उपाय शोधला. तिथे पूर्वी आपल्या घरासमोरचा पदपथ घरमालकानेच दुरुस्त करायचा असा नियम होता. परिणामी ज्याची ऐपत होती त्याच्या दारापुढे पदपथ चांगला, पुढच्या दारापुढे मोडका आणि त्यापुढे नाहीच. चाकाच्या खुर्चीवरच्या माणसाला असा तुकड्या-तुकड्यांचा रस्ता काय कामाचा? नोव्हेंबर २०२२ मध्ये मतदारांनी कौल दिला की ही जबाबदारी शहराने घ्यावी आणि सर्व मिळकतींकडून वार्षिक शुल्क घ्यावे. सुरुवातीचे सूत्र घरासमोरच्या पदपथाच्या लांबीवर होते, त्यात कोपऱ्यावरच्या घरांना भलताच भुर्दंड पडत होता. तो बदलून २०२५ पासून बहुसंख्य घरांना वर्षाला सरसकट १५० डॉलर आणि कमी उत्पन्नाच्या मालकांना सवलत, अशी व्यवस्था झाली. वर्गणी प्रत्येक मिळकतीची, पण काम साऱ्या शहराचे, हे त्यामागचे तत्त्व आहे.

आपल्याकडे कोणी नवा कर सुचवला की लोक चिडतात, आणि त्यांचे चुकत नाही. मुंबईत पथ कर आहे. वृक्ष उपकरही आहे. १९७५ च्या राज्याच्या वृक्षसंरक्षण कायद्याने त्याची सोय केली आहे. आधी घेतलेल्या पैशांचे काय झाले, हा प्रश्न रास्त आहे. म्हणून पहिली मागणी नव्या कराची असूच नये. प्रत्येक वॉर्डात या दोन ओळींखाली किती रक्कम जमा झाली, आणि त्याच वॉर्डात पदपथांच्या दुरुस्तीवर व झाडांच्या निगेवर किती खर्च झाला, हे महापालिकेने दरवर्षी बिलाच्या मागच्या बाजूला छापावे. तेवढे कळले तरी नागरिकाला वॉर्ड कार्यालयात नेमका प्रश्न विचारता येईल.

मात्र जमा जिथली, खर्च तिथलाच, असा हट्टही धरू नये. मुंबईत ५०० चौरस फुटांपर्यंतच्या घरांना २०२२ पासून मालमत्ता कर माफ आहे. ती सवलत योग्यच आहे. पण लहान घरांच्या वस्त्यांतून कर कमी येतो म्हणून तिथे पदपथही कमी, असा अर्थ काढला तर तो अन्याय ठरेल. घर लहान असलेल्या माणसाला चालायला बाहेरची जागा जास्त लागते. जमा रकमेचा काही भाग वॉर्डात राहावा आणि बाकीचा गरजेप्रमाणे शहरभर वाटला जावा. गरज ठरवताना रुग्णालये, दवाखाने, शाळा आणि रेल्वे स्थानके यांच्या आसपासचे रस्ते आधी घ्यावेत.

खर्च कशावर करायचा, हेही ठरलेले हवे. इंडियन रोड्स काँग्रेसच्या २०१२ च्या मार्गदर्शक सूचनांत पदपथाची मोकळी रुंदी किमान १.८ मीटर आणि उंची १५० मिलिमीटरपेक्षा जास्त नको, असे सांगितले आहे. गुडघे दुखणाऱ्या माणसाला ही उंची म्हणजे चढता येणारी पायरी आणि न येणारी पायरी यांतला फरक असतो. झाडाभोवती एक मीटर जागा सिमेंटविना ठेवावी, असा आदेश राष्ट्रीय हरित लवादाने २०१३ मध्ये दिल्लीच्या संदर्भात दिला होता. बुंध्यापर्यंत सिमेंट ओतले की झाड गुदमरते, आणि मुळे पदपथ उचलतात ते वेगळेच. खोडांना विजेच्या माळा गुंडाळणे ही निगा नव्हे. त्या पैशात कितीतरी सैल ब्लॉक बसवता येतील.

मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने वापरण्याजोगा पदपथ हा घटनेच्या २१ व्या कलमाखालील जगण्याच्या हक्काचा भाग मानला. हक्क मान्य झाला म्हणून ब्लॉक बसत नाही. त्याला पैसा लागतो आणि पुरावाही लागतो.

पुरावा देण्याचे काम डॉक्टरांचे आहे, आणि इथे वैद्यकीय व्यवसायाने आपली चूक कबूल करायला हवी. केस पेपरवर ‘घसरून पडले’ एवढे लिहून पुढचा रुग्ण बोलावला जातो. कुठे पडले, हे लिहिले जात नाही. आजारांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणाच्या दहाव्या आवृत्तीत ठेचकाळून पडण्याला स्वतंत्र क्रमांक आहे, आणि ते रस्त्यावर घडले की घरात, हे नोंदवायचीही सोय आहे. प्रत्येक सरकारी आणि पालिका रुग्णालयाने पडून आलेल्या रुग्णाला एकच जादा प्रश्न विचारावा: “आजी, कुठे पडलात?” रस्त्याचे नाव लिहून घ्यावे आणि महिन्याच्या शेवटी ती यादी वॉर्ड कार्यालयाला पाठवावी. एका रस्त्याचे नाव चारदा आले तर पथ कराचा पहिला रुपया कुठे खर्च व्हायला हवा, हे सांगायला वेगळा सल्लागार नेमावा लागणार नाही.