अनोळखी जागी नवे घर



वकिलीच्या निमित्ताने आमच्याकडे सल्ल्यास येणाऱ्या कुटुंबांकडून अलीकडे एक प्रश्न वारंवार विचारला जातो. कुटुंब दोन पिढ्यांपासून मुंबईच्या चाळीत वा वस्तीत राहिलेले असते. धम्मदीक्षा घेऊन वर्ष-दोन वर्षे झालेली असतात, मुलगा नोकरीस लागलेला असतो आणि गाठीस थोडी शिल्लक असते. बदलापूर-नेरळच्या बाजूस एक इमारत उभी राहत आहे, तीत घर परवडेल असे वाटते. पण त्या भागात ओळखीचे कोणी नाही. मग पती-पत्नी चाचरत विचारतात, "साहेब, घ्यावे काय?"

या प्रश्नाच्या पोटात दोन भये आहेत. फसलो तर आयुष्याची पुंजी जाईल, हे पहिले. ते सर्वजण बोलून दाखवितात. दुसरे कोणी बोलत नाही. आपण कोण हे कळल्यावर शेजारी कसे वागतील, हे ते दुसरे भय होय. दुसरे भय मनात दडवून पहिल्याचाच विचार करणारा मनुष्य दोन्हींकडून फसतो, असे आमचे स्पष्ट मत आहे. कोणी भयापोटी दुप्पट भाव देऊनही जुन्या वस्तीलगतच राहतो. कोणी वस्तीतून एकदाचे सुटावे या घाईने कागद न पाहताच पैसे भरून मोकळा होतो.

दुसऱ्या भयाचाच विचार आधी करू. १९१७ साली परदेशी विद्या घेऊन परतलेल्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना बडोद्यात राहावयास जागा मिळाली नाही. पारशी नाव धारण करून ते एका पारशी वसतिगृहात उतरले आणि खरी ओळख उघडी पडताच त्यांना तेथून बाहेर काढण्यात आले. त्याच बाबासाहेबांनी पुढे १९३०च्या दशकात दादरच्या हिंदू कॉलनीत स्वतःच्या नावाने, आपल्या ग्रंथांसाठी 'राजगृह' बांधले. बडोदे ते दादर या वाटेचा अर्थ आपण ओळखला पाहिजे. अनोळखी जागी जाणे यात भ्याडपणा नाही; नाव चोरून जाणे यात मात्र जन्मभराची धास्ती आहे. म्हणून जाल तेथे पहिल्या दिवशीच दारावर नावाची पाटी लावा आणि घरात भगवान बुद्धांची प्रतिमा ठेवा.

कायदा येथे किती साथ देतो? खोटी आशा दाखविणे आमच्या व्यवसायास शोभणार नाही. एका पारशी सहकारी गृहनिर्माण संस्थेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००५ साली सभासदत्व एका समाजापुरते राखणारा पोटनियम वैध ठरविला. राज्यघटनेच्या कलम १५ मध्ये दुकाने, उपाहारगृहे, विहिरी व रस्ते यांचा उल्लेख आहे, खाजगी घराचा नाही. दुसऱ्या बाजूस, महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० अन्वये पात्र व्यक्तीस पुरेशा कारणावाचून सभासदत्व नाकारता येत नाही. आणि सामाजिक बहिष्कार हा महाराष्ट्राच्या २०१६ सालच्या कायद्याने गुन्हा आहे.

नव्या इमारतीचा खरा लाभ येथेच आहे. जुन्या संस्थेत घर घेताना विकणारा आणि समिती असे दोन उंबरठे ओलांडावे लागतात. नव्या इमारतीत संस्था अद्याप जन्मलेली नसते; पहिले खरेदीदारच ती स्थापन करतात. तुम्ही तेथे उपरे नव्हे, संस्थापक असता! म्हणून पहिल्या सभेस पती-पत्नी दोघांनी जावे, पोटनियम शब्दशः वाचावेत आणि कोणाच्या जातीवर, धर्मावर वा ताटातील अन्नावर बोट ठेवणारे कलम कोणी सुचविल्यास तेथल्या तेथे उभे राहून लेखी हरकत नोंदवावी. नंतर कुरकुर करून उपयोग नाही.

आता पहिले भय. येथे तथागतांचा उपदेश अक्षरशः उपयोगी पडतो. धम्म 'एहिपस्सिको' आहे, म्हणजे 'ये आणि पाहा' असे सांगणारा आहे. ऐकीव गोष्टीवर विश्वास न ठेवता आपण धम्म स्वीकारला. मग दलालाच्या रंगीत पत्रकावर विश्वास का ठेवावा?

प्रथम जमीन पाहा. सात-बारा उतारा स्वतः काढा. त्यावर 'भोगवटादार वर्ग-२' किंवा 'नवीन शर्त' असा शेरा असल्यास थांबा. तो शेरा आपल्यापैकी अनेकांच्या पूर्वजांचा इतिहास सांगतो. महार वतनाच्या गुलामगिरीविरुद्ध बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई विधिमंडळात विधेयक आणले. पुढे १९५८च्या कायद्याने ही कनिष्ठ वतने नष्ट झाली आणि जमिनी नव्या शर्तीवर पुन्हा देण्यात आल्या. अशा जमिनीवर शेतीखेरीज अन्य वापर करण्यास शासकीय परवानगी आणि नजराणा लागतो. ती परवानगी नसेल, तर तुमच्याच एखाद्या बांधवाच्या बुडालेल्या हक्कावर तुमचे घर उभे राहील आणि तेही कायद्यापुढे डळमळीत राहील. दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात तीस वर्षांच्या दस्तांचा शोध वकिलाकडून घ्यावा. त्याची फी एका हप्त्याहूनही कमी असते.

मग परवानग्या पाहा. २०१६ सालच्या स्थावर संपदा कायद्यानुसार, ज्यास लोक 'रेरा' म्हणतात, पाचशे चौरस मीटरहून मोठ्या जमिनीवरील किंवा आठांहून अधिक सदनिकांच्या प्रकल्पाची नोंदणी आवश्यक आहे. नोंदणीकृत करारावाचून किमतीच्या दहा टक्क्यांहून अधिक रक्कम बिल्डरास घेता येत नाही. ताबा मुदतीत न दिल्यास व्याजासह पैसे परत मागता येतात आणि बांधकामातील रचनात्मक दोष ताब्यापासून पाच वर्षे त्याने स्वखर्चाने दुरुस्त करावे लागतात. परंतु नोंदणी क्रमांक म्हणजे अभयपत्र नव्हे. कल्याण-डोंबिवलीत बनावट परवानग्या दाखवून ६५ इमारतींनी रेराची नोंदणी मिळविली आणि २०२४ साली उच्च न्यायालयाने त्या पाडण्याचा आदेश दिला. त्यांत राहणाऱ्या कुटुंबांनीही नोंदणी क्रमांक पाहिलाच असेल. म्हणून बांधकाम प्रारंभाचा दाखला ज्या नगरपरिषदेने वा महानगरपालिकेने दिला असे सांगतात, तिच्या कार्यालयात जाऊन तो खरा आहे काय ते विचारा. भोगवटा प्रमाणपत्रावाचून राहावयास जाऊ नका.

यानंतर गाव पाहा, तेही तीन वेळा. सकाळच्या गर्दीत लोकलने मुंबईस येऊन पाहा; बदलापूर ते मुंबई हे अंतर सुमारे ६८ किलोमीटर आहे आणि तो प्रवास रोजचा आहे. रात्री दहा वाजता स्थानकापासून इमारतीपर्यंत पायी चालून पाहा. घरातील मुलीस ते अंतर एकटीने चालता येईल काय, हा प्रश्न बापाने स्वतःस विचारावा. आणि एकदा मुसळधार पावसात जा. २७ जुलै २०१९ रोजी उल्हास नदीच्या पुरात महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर-वांगणीच्या दरम्यान पाण्यात अडकली होती. नदीकाठच्या प्रत्येक इमारतीविषयी पूररेषेची चौकशी झालीच पाहिजे. पाणी नळाचे की टँकरचे, शाळा व दवाखाना किती दूर, हे तेथे राहणाऱ्या बायकांस विचारा. बिल्डरापेक्षा त्या खरे सांगतील.

शेवटी पैसा. सिगालोवाद सुत्तात भगवंतांनी गृहस्थास मिळकतीचे चार भाग करावयास सांगितले आहेत. एक उपभोगासाठी, दोन कामधंद्यासाठी आणि चौथा संकटकाळासाठी. घराचा हप्ता आणि ताबा मिळेपर्यंतचे भाडे मिळून तो चौथा भाग गिळीत असतील, तर घर कितीही चांगले असले तरी ते आज तुमचे नाही. दोन वर्षे थांबा. मुलांचे शिक्षण थांबवून घर घेऊ नका. शिक्षण थांबले की घरही फार काळ टिकत नाही. घेताना पत्नीचे नाव करारात घाला, ही आमची आग्रहाची विनंती आहे.

म्हणून "घ्यावे काय?" या प्रश्नास आमचे उत्तर असे: जमीन निर्वेध असेल, परवानग्या खऱ्या असतील, चौथा भाग शाबूत राहत असेल आणि गाव तुम्ही स्वतः तीन वेळा पाहिले असेल, तर अवश्य घ्या. तेथे आपले कोणी नाही, एवढ्याच कारणासाठी मागे फिरू नका. प्रत्येक वस्तीत आपले पहिले घर कोणीतरी केलेच होते. मात्र या चारांपैकी एकही गोष्ट खोटी ठरली, तर दिलेल्या बयाण्याच्या मोहात न पडता उठून या. बयाणा बुडाला तरी पुन्हा जमविता येतो. वीस वर्षांचे कर्ज आणि पाडावयास निघालेली इमारत यांतून सुटणे सोपे नाही.