गोळ्या बंद नकोत, फेरविचार हवा

‘गोळ्यांनी पोरगा मंद झाला,’ ही स्किझोफ्रेनियाच्या रुग्णांच्या घरांतली नेहमीची तक्रार. भास थांबतात, संशय ओसरतो. पण दुकानातून आणायच्या चार वस्तूंपैकी दोन लक्षात राहत नाहीत, पेपर वाचताना मन लागत नाही. मग दोष गोळ्यांवर येतो आणि त्या परस्पर बंद होतात.

ही तक्रार अर्धीच खरी आहे. स्मरणशक्ती, एकाग्रता आणि नियोजन यांतील उणीव हा आजाराचाच भाग असतो. अनेकांत ती पहिल्या भासाच्या आधीच, अभ्यासातल्या घसरणीतून दिसू लागते. या आजारावरचे पहिले परिणामकारक औषध, क्लोरप्रोमाझिन, १९५२ मध्ये वापरात आले. त्याच्या अर्धशतकाहून अधिक काळ आधी एमिल क्रेपेलिन यांनी आजाराला दिलेल्या नावाचा अर्थच मुळी ‘अकाली बुद्धिऱ्हास’ असा होता.

उरलेली अर्धी बाजू मात्र डॉक्टरांनी झटकून टाकू नये. भास आटोक्यात आणणाऱ्या औषधांनी आकलन फारसे सुधारत नाही. मात्रा गरजेपेक्षा जास्त झाली तर सुस्ती वाढते. त्याहून दुर्लक्षित आहे ती सोबतची छोटी गोळी. हात थरथरू नयेत, अंग ताठरू नये म्हणून ट्रायहेक्झिफेनिडिल देतात. स्मरणासाठी लागणाऱ्या ॲसिटिलकोलिन या मेंदूतील रसायनाचे काम ती अडवते. थरथर नसतानाही ती वर्षानुवर्षे चिठ्ठीवर उतरत राहते. गर्दीच्या ओपीडीत ‘तेच चालू ठेवा’ लिहिणे सोपे असते. किंमत रुग्ण मोजतो.

तरीही औषध स्वतःहून थांबवणे धोक्याचेच. २०१२ मध्ये ‘लॅन्सेट’ने प्रसिद्ध केलेल्या ६५ चाचण्यांच्या एकत्रित विश्लेषणात, औषध चालू ठेवलेल्यांपैकी वर्षभरात २७ टक्के रुग्णांचा आजार उलटला, बंद केलेल्यांत हे प्रमाण ६४ टक्के होते.

म्हणून नातेवाइकांनी सगळ्या चिठ्ठ्या घेऊन जावे आणि विचारावे: मात्रा कमी करता येईल का? ही छोटी गोळी अजून लागते का? बदल झाला तर तो डॉक्टरांच्या देखरेखीखाली, हळूहळू व्हावा. स्मरण आणि एकाग्रतेचे नियमित प्रशिक्षण कामधंद्याच्या पुनर्वसनाला जोडले तर फायदा होतो. ती सोय जिल्हा रुग्णालयापर्यंत पोहोचायला हवी.

‘भास होतात का?’ एवढे विचारून तपासणी संपू नये. ‘एकट्याने एसटीने जाता येते का, सुट्टे पैसे मोजता येतात का?’ हेही विचारले जावे. रुग्ण खरोखर बरा होतोय का, हे त्यावरूनच कळते.