बॅट वाटली, शिकवणार कोण?

रविवारी गावात क्रिकेट कीट वाटप झालं. बातमी मीच केली, फोटोही मीच काढला. प्रत्येक बॅटवर साहेबांचं स्टिकर. स्टेजवर मान्यवर सोळा, समोर पोरं बावीस. बातमीत जे लिहिता आलं नाही ते इथं लिहितो. कुणाला राग आला तर येऊ द्या.

कार्यक्रम संपल्यावर पाचवीतलं एक पोरगं भेटलं. हातात मोठ्या माणसाच्या मापाची बॅट, त्याला ती धड उचलत नव्हती. अशा बॅटने पोरगं सरळ खेळू शकत नाही. वजन पेलायला खालचा हात जोर लावतो, बॅट आडवी येते आणि प्रत्येक चेंडू लेगला ओढायची सवय लागते. एकदा लागली की सुटता सुटत नाही. हे त्याला सांगायला मैदानावर कुणीच नव्हतं, कारण शाळेत क्रीडाशिक्षकच नाही.

आणि स्टेजवरून काय सांगितलं? साहित्य नाही म्हणून आपली मुलं मागे राहतात. टाळ्या पडल्या.

खरंच तसं असतं का? महागड्या साहित्याचा खेळ घ्या, गोल्फ. नियमाने बॅगेत १४ क्लब ठेवता येतात. स्पेनमधल्या पेद्रेन्याचा, शेतकऱ्याच्या घरचा सेव्हे बालेस्टेरोस लहानपणी समुद्रकाठच्या वाळूत एकाच थ्री-आयर्नने खेळून शिकला. १९७९ ला ब्रिटिश ओपन, पुढे एकूण पाच मेजर. आपल्या दिल्लीचा अली शेर तर दुसऱ्यांच्या बॅगा वाहणारा कॅडी. १९९१ ला इंडियन ओपन जिंकणारा तो पहिला भारतीय व्यावसायिक, १९९३ ला परत जिंकला. क्रिकेटमधलं उदाहरण हवं असेल तर ब्रॅडमन घ्या. गोल्फचा चेंडू, हातात स्टंप आणि समोर घरामागच्या टाकीचा पाया, एवढ्यावर त्याची नजर तयार झाली.

पण अर्धीच गोष्ट सांगून मी टाळ्या घेणार नाही. बालेस्टेरोसचा मामा रामोन सोता व्यावसायिक गोल्फर होता. अली शेर रोज चांगल्या खेळाडूंच्या मागे चालत होता. साहित्य नव्हतं, पण बघून शिकायला माणसं होती. आमच्या पोरांकडे नेमकं तेच नाही.

मग साहित्य बिनकामाचं? अजिबात नाही. फरक पडतो म्हणूनच तर ड्रायव्हरचं डोकं ४६० घनसेंटिमीटरपेक्षा मोठं नको असा नियम आहे. पण तो फायदा ज्याचा स्विंग बसलाय त्याला. बिघडलेल्या स्विंगच्या हातात नवा ड्रायव्हर दिला तर चेंडू झाडीत अजून लांब जातो, बाकी काही नाही. आणि हेल्मेट, गार्ड, मापाची बॅट यात तडजोड नकोच. पण माप घ्यायलासुद्धा जाणकार माणूस लागतो ना?

म्हणून साहेब, मागणी साधी आहे. पुढच्या वेळी निम्मे पैसे कीटला, निम्मे माणसाला. तालुक्यात जुने खेळाडू घरी बसून आहेत. त्यातल्या एकाला मानधन द्या, आठवड्यातून तीन संध्याकाळी मैदानावर उभा करा. त्याच्या कपाळावर स्टिकर चिकटवता येणार नाही, एवढीच काय ती अडचण.

ती बॅट पुढच्या पावसाळ्यापर्यंत माळ्यावर जाईल. शिकवलेला हात मात्र पोराजवळ जन्मभर राहील.

पटलं तर बोला. नाही पटलं तरी बोला, पण मैदानावर येऊन.