कॅमेऱ्यात दिसलं म्हणजे झालं?

परवा दुकान बंद केल्यावर 'स्टार ट्रेक: व्हॉयेजर'चा १९९५ सालचा 'एक्स पोस्ट फॅक्टो' हा एपिसोड पुन्हा बघितला. टॉम पॅरिस खुनाच्या आरोपात दोषी ठरलेला. शिक्षा काय, तर दर १४ तासांनी खुनाचे ते क्षण मेलेल्या माणसाच्या नजरेतून अनुभवायचे. म्हणजे पुरावा तोच आणि शिक्षाही तीच!

पहिल्यांदा ती शिक्षाच डोक्यात राहिली होती. यावेळी टुव्हॉक राहिला. तो टॉमची बाजू घेत नाही आणि त्याला दोषही देत नाही. ती आठवण स्वतः बघतो आणि उंची ताडून पाहतो. आठवणीतला खुनी त्या बाईच्या उंचीचा, टॉम तर तिच्यापेक्षा चांगलाच उंच. आठवणीतच फेरफार केलेला!

माझं स्पष्ट मत आहे, माणसाला काढायच्या आधी मालकाने टुव्हॉकसारखं बघावं. आधी रोजमेळ, मग फुटेज.

हे मला महागात पडून कळलंय. दोन वर्षांपूर्वी गल्ल्यात २,३०० रुपये कमी आले. सीसीटीव्हीत पोरगा पैसे काढताना दिसला. तो म्हणत होता, "दादा, तुम्हीच फोनवर सांगितलं होतं, माल आला की पैसे दे." मी म्हटलं, कॅमेरा खोटं बोलतो का? त्याच संध्याकाळी काढला. आठ दिवसांनी बिलांच्या फाइलीत सप्लायरची पावती सापडली. तारीख तीच, रक्कम तीच.

लगेच फोन लावला. त्याच्या आईने उचलला. "तो बोलणार नाही तुमच्याशी," एवढंच म्हणाली.