शितावरून भाताची परीक्षा

महाविद्यालयात अध्यापक नेमताना उमेदवाराकडून एक नमुना-तास घेतात. त्याला सगळेच 'डेमो' म्हणतात. आम्ही दोघांनीही तो कधीकाळी दिला आहे आणि पुढे इतरांचा पाहिलाही आहे. दहा-पंधरा मिनिटे एखादी कविता रंगवून सांगणे वेगळे आणि जूनमध्ये सुरू झालेला वर्ग परीक्षेपर्यंत निभावून नेणे वेगळे, हे त्या पाहण्यातून आम्हाला कळले. त्यामुळे 'डेमोत दाखवले ते खेळात नाही, आम्हाला फसवले' असा व्हिडिओ गेमविषयीचा वाद विद्यार्थी तावातावाने घालू लागतात, तेव्हा तो आम्हाला परका वाटत नाही.

शितावरून भाताची परीक्षा होते, हे आपण पिढ्यान्‌पिढ्या मानत आलो. या म्हणीत एक अट मात्र गृहीत आहे. शीत त्याच भांड्यातले हवे आणि भात शिजत आलेला हवा. १९९३ साली आलेल्या 'डूम' या खेळाने ही अट पाळली होती. त्याच्या तीन भागांपैकी पहिला संपूर्ण भाग फुकट वाटला गेला आणि आवडला तर उरलेल्यांसाठी पैसे मोजायचे होते. हातात आलेला नमुना तयार कृतीचाच तुकडा होता.

पुढे खेळ मोठे झाले, खर्च वाढला आणि डेमो खेळाच्या आधी, कधी कधी कित्येक वर्षे आधी, येऊ लागला. असा डेमो म्हणजे चूल पेटण्यापूर्वी वेगळ्या वाटीत शिजवलेले शीत होय. त्यात एकच प्रसंग घेऊन त्याच्यावर सारे कसब ओततात. वाट आखलेली असते आणि यंत्रही निवडलेले असते. पूर्ण खेळाला मात्र घरोघरच्या साध्या यंत्रांवर तासन्‌तास चालायचे असते. मग प्रकाशयोजना साधी होते, गर्दी विरळ होते, काही कल्पना गळतात. यात लबाडीच असते असे नव्हे. लेखकाचा पहिला खर्डा आणि छापील पुस्तक यांत जे अंतर पडते, तेच येथेही पडते.

लबाडी कोठे सुरू होते? संकल्प हा सिद्धी म्हणून विकला जातो तेथे. २०१३ साली 'एलियन्स: कलोनियल मरीन्स' हा खेळ आला, तेव्हा जाहिरातीतील दृश्ये आणि प्रत्यक्ष खेळ यांतील तफावत इतकी उघड होती की ब्रिटनमधील जाहिरात नियामक संस्थेकडे तक्रार गेली. ती दृश्ये डेमोची होती, हे प्रकाशक 'सेगा'ला मान्य करावे लागले. आमच्या मते तेथे आक्षेपार्ह होते ते न सांगणे. डेमो देखणा होता, हा काही गुन्हा नव्हे.

आता जवळचे उदाहरण घेऊ. पुण्याच्या 'नॉडिंग हेड्स गेम्स' या संस्थेचा 'राजी: ॲन एन्शंट एपिक' हा खेळ २०२० साली प्रसिद्ध झाला. असुरांनी पळवून नेलेल्या धाकट्या भावाच्या शोधात निघालेली सर्कशीतील मुलगी ही त्याची नायिका. २०१७ साली लोकवर्गणीतून पैसा उभारण्याचा प्रयत्न फसला, तरी काम थांबले नाही. पूर्ण खेळाआधी त्याचा डेमोही लोकांच्या हाती आला. राजस्थानी वास्तुशिल्पाची छाया, सावल्यांच्या बाहुल्यांमधून उलगडणारी कथा हे नमुन्यात जोखता येण्याजोगे गुण पूर्ण खेळातही टिकले आणि वाखाणले गेले. टीका झाली ती मुख्यतः शेवटावर. कथा ऐन भरात असताना अचानक तुटते, असे अनेक समीक्षकांनी म्हटले. हा दोष कोणत्याही डेमोत दिसणे शक्यच नव्हते. डेमोला शेवट करावाच लागत नाही. तो उत्कंठेवर थांबला की त्याचे काम झाले.

आमच्या जिल्ह्यातील नेवाशाला ज्ञानेश्वरी शके १२१२ मध्ये सिद्ध झाली. पहिला अध्याय कितीही रसाळ असला, तरी अठराव्याच्या अखेरीस येणाऱ्या पसायदानाचा अंदाज त्यावरून कोणाला बांधता आला असता? श्रेष्ठ-कनिष्ठाची तुलना येथे अभिप्रेत नाही. कृतीला पूर्णत्व शेवटी येते, एवढेच म्हणायचे आहे. आरंभ चांगला जमणे ही हुशारी असू शकते. शेवटापर्यंत पेलणे हा वेगळा गुण आहे आणि तो नमुन्यात मावत नाही.

अर्थात, एक अपवाद नोंदवला पाहिजे. २०१४ साली 'पी. टी.' नावाचा छोटा भयखेळ आला. 'सायलेंट हिल्स' या आगामी खेळाची ती चुणूक होती. पुढच्या वर्षी मूळ खेळ रद्द झाला, डेमोही दुकानातून काढला गेला, तरी त्याची कीर्ती उरली. एका घरातील एकाच बोळातून पुन्हापुन्हा जाण्याचा तो अनुभव स्वतःपुरता पुरा होता. भात शिजलाच नाही, शीत मात्र लक्षात राहिले!

तेव्हा विद्यार्थ्यांना आमचे सांगणे इतकेच. खेळ डेमोसारखा का नाही, ही तक्रार सोडा. हा नमुना तयार खेळातला आहे की केवळ मनोदय आहे, हे कर्त्याने सांगितले होते का, ते विचारा. आणि केवळ मनोदय असेल, तर घरून आलेले काही हजार रुपये आगाऊ भरण्यापूर्वी शेवटापर्यंत खेळलेल्या कोणाला तरी भेटेपर्यंत थांबा. नमुना-तास पाहताना आम्हीही हेच स्वतःला बजावत असतो. तेथे मात्र वर्ष सरेपर्यंत थांबण्याची सोय नसते.